डोळ्यांवर पट्टी, नाकाशी बाटली : वासावरचा पहिला अभ्यास कसा करावा

बाटलीला काळा कागद गुंडाळलेला. आत चार लवंगा, वर कापसाचा बोळा. मावशीनं ती नाकाशी धरली, डोळे मिटले आणि म्हणाली, "अगं बाई, हे तर रोजचंच आहे! थांब हं, सांगते. दाताचं... दाताच्या दवाखान्यातलं काहीतरी." चाळीस वर्षं गोडा मसाला घरी करणारी बाई. "लवंग" हा शब्द काही तिला शेवटपर्यंत सापडला नाही.

एखादं नाव ओठांवर येऊन अडकतं, तसा वास नाकाच्या शेंड्यावर अडकतो. १९७७ मध्ये लॉलेस आणि एंगन या संशोधकांनी या अडकण्याचा अभ्यास केला आणि त्याला जवळपास याच अर्थाचं नाव दिलं. पण मला त्या दिवशी वेगळाच प्रश्न पडला. मावशीच्या नावापुढे बरोबरची खूण करायची की फुली मारायची? लवंगेचा वास येतो युजेनॉल नावाच्या द्रव्यामुळे. दाताचे डॉक्टर तात्पुरतं भरण्यासाठी जे सिमेंट वापरतात, त्यातही झिंक ऑक्साइडबरोबर हेच युजेनॉल असतं. म्हणजे तिच्या नाकानं काम चोख केलं. आठवणही बरोबर जागी झाली. शब्द तेवढा आला नाही.

नाक, आठवण, शब्द. या तीन गोष्टी वेगळ्या आहेत आणि तिन्ही तीन निरनिराळ्या विद्याशाखांच्या ताब्यात आहेत. ज्यांना माणसाच्या संवेदनांवर काहीतरी करून बघायचंय, पण आपण नेमके कुठल्या विभागात बसतो हेच कळत नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच छोटा अभ्यास करू. सामान सगळं स्वयंपाकघरातलं.

प्रश्न बारीक करा

नवीन माणूस येतो तो बहुधा "संवेदना आणि संस्कृती" असलं काहीतरी गाठोडं घेऊन. ते खाली ठेवा. असा प्रश्न हवा, ज्याचं उत्तर महिन्याभरात दहा-बारा माणसांकडून निदान अर्धंमुर्धं मिळेल. आपला प्रश्न असा: रोज स्वयंपाक करणाऱ्यांना मिसळणाच्या डब्यातले वास न करणाऱ्यांपेक्षा जास्त ओळखता येतात का? आणि जिथे अडतं, तिथे काय अडतं, नाक, आठवण की शब्द?

वासच का, असं विचाराल. रंगाचा अभ्यास करायचा तर प्रकाशाची तरंगलांबी मोजता येते, आवाजाची वारंवारता मोजता येते. वासाला अशी एक सरळ पट्टीच नाही. रंग ओळखायला डोळ्यात तीन प्रकारच्या शंकूपेशी पुरतात. माणसाच्या नाकात मात्र वासाचे सुमारे ४०० प्रकारचे ग्राही (वासाचे रेणू पकडणारी प्रथिनं) असतात, आणि एकेक वास त्यातल्या अनेकांना कमीजास्त चेतवतो. या ग्राहींची जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये शोधली आणि २००४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. तरीही नवा रेणू हातात दिला तर त्याचा वास माणसाला कसा लागेल, हे नुसती रचना बघून खात्रीनं सांगणं आजही कठीण आहे. शेवटी माणसालाच विचारावं लागतं, आणि विचारलं की भाषा आली. वासाच्या अभ्यासात रसायनशास्त्रज्ञाला भाषातज्ज्ञाची गरज लागते ती इथे. परिसंवादाला बरं दिसतं म्हणून नव्हे.

शब्दांची यादी आधी, बाटल्या नंतर

बहुतेक जण ही पायरी गाळतात. मी मात्र इथे सगळ्यात जास्त वेळ घालवते.

ऑक्टोबर २००५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एका रात्री गोडसर वास पसरला. लोकांनी फोन करकरून विचारलं, हा मेपल सिरपचा (मेपल झाडाच्या रसाच्या गोड पाकाचा) वास कुठून येतोय? पुढची तीन-चार वर्षं तो अधूनमधून येत राहिला. २००९ मध्ये शहराच्या महापौरांनी जाहीर केलं की वास नदीपलीकडच्या न्यू जर्सीतल्या एका कारखान्यातून येतो, तिथे मेथीदाण्यांवर प्रक्रिया होते. मेथीत सोटोलोन नावाचं द्रव्य असतं, आणि त्याचा वास मेपल सिरपसारखाच लागतो. ज्या घरात बाळंतिणीसाठी मेथीचे लाडू वळले जातात, त्या घरातल्या माणसानं तिथल्या फुटपाथवर उभं राहून काय म्हटलं असतं, याचा विचार करा. रेणू तोच, नाकही तसंच, पण आठवण आणि शब्द वेगळे.

दुसरं उदाहरण मलाय द्वीपकल्पातल्या जहाय लोकांचं. आसिफा मजीद आणि निक्लास बुरेनहुल्ट यांनी २०१४ मध्ये दाखवलं की जहाय बोलणारे वासांची नावं रंगांच्या नावांइतक्याच सहजपणे आणि एकमतानं सांगतात. इंग्रजी बोलणारे रंगांना झटपट नाव देत होते, वास समोर आला की चाचपडत होते. जहाय भाषेत वासासाठी डझनभर खास शब्द आहेत आणि ते "केळ्यासारखा", "लिंबासारखा" अशा धर्तीचे नाहीत. पेट्रोल, धूर आणि वटवाघळांची विष्ठा या तिन्हींत जे सारखं आहे, त्याला एक शब्द. जुनी घरं, अळंबी आणि शिळं अन्न यांच्यात जे सारखं, त्याला आणखी एक.

हा दुसरा शब्द वाचला आणि मी थबकले. हा तर आपला "कुबट"! बंद कपाट, न वाळलेले कपडे, पावसाळ्यातली पुस्तकं: वस्तू वेगवेगळ्या, शब्द एक. मग मराठीतले बाकीचे शब्द आठवून बघा. खमंग, खरपूस, करपट, खवट, आंबूस, वशट, मातकट, धुरकट, उग्र. मातकट, धुरकट हे माती-धुरावरून आलेले सोडले, तर बाकीचे शब्द कुठल्या एका वस्तूला बांधलेले नाहीत. शेंगदाणे भाजले, थालीपीठ लावलं, बेसन परतलं, तिन्ही वेळा "खमंग". आता रसायनशास्त्राकडे वळा. भाजताना साखर आणि अमिनो आम्लं यांच्यात जी प्रक्रिया होते ती लुई-कामी मायार यानं १९१२ मध्ये मांडली. तिच्यातून पायराझीनसारखी द्रव्यं तयार होतात आणि भाजलेला वास त्यांचाच. "खवट" म्हणजे तेलातल्या मेदाम्लांचं हवेशी झालेलं लग्न: जुनं खोबरं, जुने शेंगदाणे, उघडं राहिलेलं तेल. आजीला मायार ठाऊक नव्हता, पण तिच्या भाषेनं वासांची वाटणी बरीचशी रसायनांच्या अंगानं केलेली होती. (हे माझं निरीक्षण आहे, सिद्धान्त नव्हे. तुम्ही तपासा, म्हणून तर हा उद्योग.)

तर पहिलं काम म्हणजे एक वही घ्या आणि घरातल्या, शेजारच्या, गावाकडच्या माणसांकडून वासाचे शब्द गोळा करा. प्रत्येक शब्दापुढे तो कशाकशाला लागतो, तेही लिहा. "कुबट वास आणखी कशाला येतो?" एवढं विचारलं तरी माणूस सुटतो. मालवणीत, वऱ्हाडीत, अहिराणीत वेगळे शब्द निघतील. त्यांना प्रमाण मराठीची इस्त्री करू नका, ऐकलं तसं उतरवा.

सामान

काचेच्या छोट्या बाटल्या, होमिओपॅथीच्या गोळ्या मिळतात तसल्या, बारा-पंधरा. प्लॅस्टिक नको, त्याला स्वतःचा वास असतो आणि तो दुसऱ्याचाही धरून ठेवतो. काळा कागद, कापूस, चिकटपट्टी, आकडे लिहायला पेन. वस्तू तळाशी, वर कापूस, म्हणजे आत काय आहे ते दिसत नाही आणि खुळखुळतही नाही. खुळखुळण्यावरूनही माणसं ओळखतात, मेथीदाणे तर हमखास.

सुरुवातीला हे दहा घ्या: लवंग, वेलची, दालचिनी, जिरं, धने, मेथी, ओवा, बडीशेप, हळद, कॉफी. अख्खा मसाला बाटलीत घालण्याआधी जरासा ठेचा, आणि सगळ्या बाटल्या एकाच सकाळी भरा. चार दिवसांपूर्वी ठेचलेली वेलची आणि आत्ता ठेचलेली वेलची या दोन वेगळ्या वस्तू आहेत. हौस असेल तर अकरावी बाटली बीटाच्या फोडीची ठेवा. तिची गंमत पुढे सांगते.

यादीत हिंग नाही हे लक्षात आलं असेल. माझ्या पहिल्या फेरीत होता. हिंगाची बाटली इतर नऊ बाटल्यांबरोबर एकाच डब्यात रात्रभर ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या दहाही बाटल्यांत हिंग होता. पाहुण्यांना बोलावलेलं, चहा टाकलेला, आणि धने हुंगून सगळे एकमुखानं म्हणताहेत, "हिंग!" एकमत एवढं दणदणीत मला पुन्हा कधी मिळालं नाही. हिंग वापरायचाच असेल तर दुसऱ्या खोलीत, दोन पिशव्यांत, आणि क्रमात सगळ्यात शेवटी.

आयत्या चाचण्या का नाही वापरायच्या? आहेत की. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात रिचर्ड डॉटी आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये आणलेली ४० वासांची चाचणी जगभर वापरतात. कागदावरचा ठिपका पेन्सिलीनं खरवडायचा, हुंगायचा आणि चारांतला एक पर्याय निवडायचा. पण मूळ चाचणीत रूट बिअर नावाचं पेय आहे, "पम्पकिन पाय" हा भोपळ्याचा गोड पदार्थ आहे, विंटरग्रीन ही वनस्पती आहे. साताऱ्यातल्या माणसाला ते ओळखता आलं नाही, तर दोष नाकाचा मानायचा का? यासाठीच आपली यादी आपल्या डब्यातून करायची.

जे नाकातून येतं ते सगळं वास नसतं

कापूर, पुदिना, मिरी, ठेचलेला कांदा यादीत घालू नका. यांचा झणका वासाच्या नसेखेरीज चेहऱ्याच्या त्रिशाखी नसेतूनही पोचतो. ही नस स्पर्श, तापमान आणि वेदना कळवते. वास पूर्ण गेलेल्या माणसालाही कापराचा गारवा जाणवतो, आणि तुमच्या वहीत त्याच्या नावापुढे "ओळखलं" लागतं.

तिखटाचं तेच. जिभेवर तिखट नावाची चवच नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन ज्या ग्राहीला चेतवतं, तो एरवी सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वर चटका लागल्याचं कळवतो. डेव्हिड ज्युलियस यांच्या गटानं तो १९९७ मध्ये शोधला आणि २०२१ च्या नोबेलमध्ये त्याचा वाटा होता. "मिरचीनं तोंड पोळलं" हे आपण म्हणतो ते अक्षरशः खरं. आणि कोकणात बांगड्याच्या तिखल्यात घालतात त्या तिरफळाची जिभेवरची झिणझिण? तिरफळाच्याच कुळातल्या सिचुआन मिरीवर लंडनमध्ये २०१३ साली प्रयोग झाला. ओठाला ती लावली आणि बोटावर यंत्रानं कंप देत विचारलं, दोन्ही सारखं कधी वाटतं? उत्तर आलं सेकंदाला सुमारे ५० कंपनांच्या आसपास. चव म्हणून जे खातो ते खरं स्पर्शाच्या खात्यात जमा होतं. तिरफळ वासाच्या यादीत नको, पण पुढचा अभ्यास म्हणून माझ्या मनात आहे.

चाचणीचे तीन भाग

एका वेळी एकच माणूस. खोली हवेशीर, अगरबत्ती विझलेली, शेजारी फोडणी चालू नसलेली. आदल्या अर्ध्या तासात चहा, तंबाखू, पान काही नको, अंगावर अत्तर नको. सर्दी आहे का ते विचारा, असेल तर दुसरा दिवस द्या.

पहिला भाग : नुसतं हुंगा आणि काय वाटतं ते बोला. पर्याय द्यायचे नाहीत, सुचवायचं नाही, मान डोलवायची नाही. बाटली नाकाशी तीन-चार सेकंद, मग बंद. दोन बाटल्यांमध्ये निदान अर्धा मिनिट जाऊ द्या, कारण नाक लवकर सरावतं. अत्तराच्या दुकानात मधे कॉफीचे दाणे हुंगायला देतात. त्याचा साध्या हवेपेक्षा जास्त उपयोग होत नाही असं तपासणीत दिसलंय. आपली कॉफी तर यादीतच आहे, तेव्हा प्रश्नच मिटला.

वास ओळखीचे असले तरी माणसाला त्यातल्या साधारण निम्म्याच वासांचं नाव बरोबर सांगता येतं, असा या क्षेत्रातला जुना अनुभव. तेव्हा माणसं ओशाळतील. सुरुवातीलाच सांगून टाका की ही परीक्षा नाही.

दुसरा भाग : त्याच बाटल्या, क्रम बदलून, पण आता चार पर्याय वाचून दाखवा. "जिरं, ओवा, धने, बडीशेप?" इथे मावशीसारखी माणसं एकदम मोकळी होतात. "लवंग! तेच तर म्हणत होते मी!" चार पर्यायांत डोळे झाकून बोट ठेवलं तरी दहापैकी दोन-तीन बरोबर येणारच, हे लक्षात ठेवा.

तिसरा भाग : तीन बाटल्या, दोन सारख्या आणि एक वेगळी. वेगळी कुठली ते सांगायचं, नाव घ्यायचं नाही. जिरं आणि शहाजिरं ही जोडी चांगली. ना फार सोपी, ना फार कठीण. अशा बारा फेऱ्या हव्यात, पण एका बैठकीत छत्तीस वेळा हुंगून कुणाचंही नाक बसेल, म्हणून सहा आज आणि सहा उद्या.

आता तिन्ही भाग शेजारी ठेवून वाचा. तिसऱ्या भागातच अडखळला तर शंका नाकावर घ्या. तिसरा जमला, दुसरा नाही, तर वास कळतोय पण त्याची ओळख पटत नाही. दुसरा जमला, पहिला नाही, तर अडलाय तो शब्द.

तुम्हीच प्रयोग बिघडवता, तो कसा बिघडवू नये

बाटलीत काय आहे हे तुम्हाला माहीत असेल तर ते तुमच्या भुवयांवर लिहिलेलं असतं. म्हणून बाटल्या एकानं भरायच्या, आकडे घालायचे, यादी पाकिटात बंद करायची. चाचणी दुसऱ्यानं घ्यायची. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा, आणि प्रत्येक माणसासाठी नव्यानं.

डोळ्यांचा हस्तक्षेप किती असतो ते फ्रान्समधल्या बोर्दो शहरातल्या प्रयोगानं दाखवलं. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वाइनचं शिक्षण घेणाऱ्या ५४ जणांना पांढरी वाइन लाल रंग मिसळून दिली, रंगाला वास नव्हता. त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनला वापरतात त्या शब्दांत केलं. शिकलेली नाकं होती ती! नावाचंही तसंच. त्याच वर्षी रेचेल हर्झ आणि जूलिया फॉन क्लेफ यांनी एकच आम्लांचं मिश्रण एकदा "परमेजान चीज" म्हणून आणि एकदा "ओकारी" म्हणून हुंगायला दिलं. आवडनिवड उलटीपालटी झाली. तेव्हा चाचणीच्या खोलीबाहेर "आमचा मसाल्यांचा प्रयोग" असं सांगणंसुद्धा टाळा. "काही वास हुंगायचेत" एवढं पुरे.

नोंद : चुकीचं उत्तर फेकू नका

तोंडातून निघालं तसं लिहा, परवानगी घेऊन फोनवर ध्वनिमुद्रण केलं तर उत्तमच. मग प्रत्येक उत्तराला खूण करा: वस्तूचं नाव ("वेलची"), वासाचा खास शब्द ("उग्र"), आवडनिवड ("छान आहे"), किंवा आठवण ("दाताचा दवाखाना", "श्रीखंड", "बाळंतिणीची खोली"). हीच वर्गवारी दुसऱ्या कुणालातरी स्वतंत्रपणे करायला लावा आणि दोघांचं किती जुळतं ते बघा. जुळत नसेल तर तुमच्या कप्प्यांची व्याख्या सैल आहे.

वेलचीला कुणी "निलगिरी" म्हणालं तर हसू नका. दोन्हींत सिनिओल नावाचं एकच द्रव्य भरपूर असतं. ओव्याला "खोकल्याचं औषध" म्हणणारेही भेटतील. ओव्यातलं थायमॉल औषधांत असतंच. अशा "चुका" मी वहीत वेगळ्या शाईनं लिहिते. रसायनाचं पुस्तक उघडायला त्याच भाग पाडतात.

आकडे, पण बेतानं

आकडेमोडीचं नाव काढलं की भाषेकडून आलेली मंडळी उठून जायला बघतात. थांबा, चहाची गोष्ट ऐका. १९२० च्या दशकात इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड संशोधन केंद्रात म्युरिएल ब्रिस्टल नावाच्या बाई म्हणाल्या की कपात आधी दूध घातलंय की आधी चहा, हे मला चवीवरून कळतं. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी त्यावरून १९३५ च्या पुस्तकात प्रयोगाची मांडणी केली: आठ कप, चारांत दूध आधी, क्रम सरमिसळ, बाईंनी ते चार निवडायचे. आठांतून चार निवडायच्या ७० तऱ्हा होतात. म्हणजे नुसत्या नशिबानं सगळे बरोबर यायची शक्यता सत्तरात एक. पुढे संख्याशास्त्रात फोफावलेल्या कल्पनेचं रोप हे.

आपल्या तीन बाटल्यांच्या खेळात नशिबानं बरोबर यायची शक्यता दर फेरीला तिसरा हिस्सा. बारा फेऱ्यांत चार तर अंदाजपंचेही येतील. सात किंवा जास्त नशिबानं येण्याची शक्यता साडेसहा टक्क्यांच्या आसपास, आठ किंवा जास्तची दोन टक्क्यांहून थोडी कमी. नशिबाची शक्यता पाच टक्क्यांच्या खाली असावी ही नेहमीची वेस, म्हणून बारापैकी आठ बरोबर आले तर "याला फरक कळतो" म्हणायला हरकत नाही. ही वेस प्रयोगाआधी वहीत लिहून तारीख टाका. सात आल्यावर "सातही चालतील की" असा मोह होतोच, मलाही झाला होता.

स्वयंपाक करणारे सहा आणि न करणारे सहा, एवढ्यावरून "महाराष्ट्रातल्या स्त्रिया" असं वाक्य सुरू करू नका. वय लिहून घ्या, कारण साठी-सत्तरीनंतर नाक मंदावत जातं. स्वयंपाक करणाऱ्या सगळ्या साठीच्या पुढच्या आणि न करणारे सगळे विशीतले निघाले, तर तुम्ही स्वयंपाक मोजलात की वय? आणि संस्कृतीच्या नावानं सगळं खपवू नका. २०२२ मध्ये नऊ निरनिराळ्या समाजांतल्या लोकांना दहा वास आवडीच्या क्रमानं लावायला सांगितले होते. क्रमातल्या फरकापैकी सुमारे ६ टक्केच संस्कृतीमुळे होता, ४१ टक्के रेणूमुळे, आणि निम्म्याहून अधिक ज्याच्या त्याच्या आवडीमुळे. कोथिंबीर कुणाला साबणासारखी लागते, त्यातही वासाच्या एका ग्राहीच्या जनुकाचा थोडा हात असल्याचं दिसलंय. एका घरात, एका ताटाभोवती दोन नाकं वेगळी असू शकतात.

संमती

हे थोडक्यात, पण गाळू नका. काय हुंगायचंय, किती वेळ लागेल, मधेच उठून जाता येईल, नाव कुठेही येणार नाही, हे मराठीत सांगा आणि होकार घ्या. दमा, ॲलर्जी, गरोदरपण असेल तर त्या माणसाला वगळा. लहान मुलं पहिल्या अभ्यासात नकोतच. अमोनिया, फिनेल, थिनर असलं काही बाटलीत घालायचं नाही. कॉलेजमार्फत करत असाल किंवा पुढे छापायचं मनात असेल, तर आधी संस्थेच्या नैतिक समितीची परवानगी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं त्यासाठी वाचावी लागतील. आणि कुणाला काहीच वास येत नाही असं आढळलं तर निदान सांगत बसू नका. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा म्हणा. वास जाण्यामागे नाकातल्या साध्या पॉलिपपासून (मऊ गाठीपासून) पार्किन्सन या मेंदूच्या आजारापर्यंत बरंच काही असू शकतं.

शेजाऱ्यांची दारं ठोठवा

एका वासाभोवती किती जण गोळा होतात ते बघायचं तर मृद्गंध घ्या. १९६४ मध्ये इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोन रसायनशास्त्रज्ञांनी कोरड्या मातीवर पाऊस पडल्यावर येणाऱ्या वासाला "पेट्रिकोर" हे नाव दिलं. त्यांच्या लेखात उत्तर प्रदेशातल्या मातीच्या अत्तराचा उल्लेख आहे. कनौजचे कारागीर भाजलेली माती तांब्याच्या डेगीत घालून त्याची वाफ चंदनाच्या तेलात उतरवतात, हे प्रयोगशाळेच्या कितीतरी आधीपासून. पुढच्या वर्षी मातीतल्या जिवाणूंपासून जिओस्मिन वेगळं काढण्यात आलं. हे द्रव्य माणसाच्या नाकाला इतकं कमी लागतं की अब्जातला एक भागही जास्त होतो. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेतल्या दोघा अभियंत्यांनी वेगवान कॅमेऱ्यानं दाखवलं की थेंब सच्छिद्र जमिनीवर आपटला की खाली अडकलेली हवा बुडबुड्यांनी वर येते आणि बारीक तुषार उडवते. २०२० मध्ये कळलं की हा वास मातीतल्या चिमुकल्या स्प्रिंगटेल किड्यांना बोलावतो आणि ते जिवाणूंचे बीजाणू वाहून नेतात. अत्तरवाला, रसायनवाला, अभियंता, कीटकवाला. यातल्या कुणा एकाकडे पूर्ण गोष्ट नव्हती.

बीटाची फोड आठवली? बीटातही जिओस्मिन असतं. ती बाटली कुणी "पहिला पाऊस" म्हणून ओळखतंय का ते बघा.

तुमचे शेजारी कोण? डंकावर मसाला कुटून देणाऱ्या बाई, ज्यांना वासावरून मिरची जुनी आहे का ते कळतं. कॉलेजमधले रसायनाचे सर. संख्याशास्त्र शिकणारी भाची. भाषेसाठी पुण्यात डेक्कन कॉलेज आहे. नाक आणि मेंदूच्या बाजूनं पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत काम चालतं, कोविडच्या काळात तिथल्या गटानं रुग्णांची वासाची क्षमता यंत्रानं मोजली होती. बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत वासाच्या संशोधनाची परंपराच आहे. तिचे संस्थापक ओबेद सिद्दीकी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असल्यापासून फळमाशीला वास कसा कळतो याचा माग काढत होते. अन्नाची चव-वास तपासणं म्हैसूरच्या सीएफटीआरआय या अन्न-तंत्रज्ञान संस्थेत शिकता येतं, अत्तरांसाठी कनौजला १९९१ पासून केंद्र सरकारचं सुगंध आणि स्वाद विकास केंद्र आहे. या ठिकाणी पत्र लिहायचं तर "मला संवेदनांत रस आहे" असं लिहू नका. बारा माणसांच्या नोंदी, तीन भागांचे आकडे आणि एक अडलेला प्रश्न जोडा. उत्तर येण्याची शक्यता कितीतरी वाढते.

महिन्याभरानं त्याच माणसांवर तीच चाचणी पुन्हा घ्या, नव्यानं भरलेल्या बाटल्यांनी. मावशीनं दुसऱ्या फेरीत लवंग झटक्यात सांगितली, आणि दालचिनीला "दाताचा दवाखाना" म्हणाली. दालचिनीतही थोडं युजेनॉल असतं. सालीपेक्षा पानांत जास्त. माझ्या बाटलीत साल होती. आता दालचिनीच्याच कुळातल्या तमालपत्राची बाटली भरून तिच्यासमोर ठेवायची आहे.

जुन्या बाटल्या गरम पाण्यानं आणि सोड्यानं धुऊन दोन दिवस उन्हात वाळवल्या की पुन्हा चालतात. हिंगाची तेवढी टाकून द्या.